चिरुटाची जाडी आणि न्यायाचे माप

एकाच शेतातील, एकाच हंगामातील पाने घेऊन एकाच कारागिराने एक बारीक आणि एक जाड असे दोन चिरूट वळले, तर त्यांची चव सारखी लागत नाही. असे का व्हावे? हा प्रश्न शौकिनांच्या बैठकीतला आहे, धर्मगुरूने त्यात का पडावे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. शिवाय आमच्या लातूरकडे चिरूट ओढणारा मनुष्य शोधूनही सापडायचा नाही. येथे तंबाखू तळहातावर चुन्याबरोबर मळली जाते, भाजून मिश्री म्हणून दातांना लावली जाते, आणि फार तर विडीत भरली जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोक धुराविना तंबाखूचे सेवन करणारे आढळले. ओढणारे ४ टक्क्यांच्याही आत होते. तरीही चिरुटाचा हा प्रश्न मी येथे घेत आहे, कारण त्याच्या पोटात नीतिशास्त्राचा एक फार जुना प्रश्न दडलेला आहे, आणि तो प्रश्न विडीपर्यंत येऊन पोहोचतो.

‘चिरूट’ हा शब्द आपल्याकडे तमिळमधून आला. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळलेले. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल येथील चिरूट इंग्रजांच्या काळात एवढे प्रसिद्ध होते की शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत राखेवरून ‘त्रिचनापल्ली’ चिरूट ओळखल्याची बढाई आहे. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवणारे एक वृद्ध परदेशी धर्मगुरू रात्रीच्या जेवणानंतर एक चिरूट ओढत. ‘द्रव्य’ आणि ‘आकार’ यांचा संबंध समजावताना त्यांनी हातातल्या चिरुटाचाच दाखला दिला होता. आम्ही हसलो होतो, पण दाखला चपखल होता.

चिरुटाचे तीन भाग असतात : आतला गाभा, त्याला धरून ठेवणारे बांधणीचे पान, आणि सर्वांत वर नितळ, निवडक वेष्टनाचे पान. गाभ्यात एकाच जातीचे पान नसते. झाडाच्या बुडाकडची पाने सौम्य असतात, पण चांगली जळतात. मधली पाने सुगंध देतात. शेंड्याकडची पाने अधिक ऊन खाल्लेली, जाड, तेलकट आणि तिखट. ती सावकाश जळतात. क्यूबातील कारागीर त्यांना अनुक्रमे ‘वोलादो’, ‘सेको’ आणि ‘लिखेरो’ म्हणतात. शेंड्याची पाने ते मधोमध ठेवतात, म्हणजे भोवतालच्या विस्तवात ती जळत राहतात.

आता मापाकडे वळू. चिरुटाची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. ३८ मापाचा चिरूट बारीक समजला जातो. ५० मापाचा बराच जाड. ३८ वरून ५० वर गेले की घेर सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, परंतु छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ पाऊणपटीने वाढते. घेर म्हणजे वेष्टन, आणि क्षेत्रफळ म्हणजे गाभा. याचा अर्थ असा की चिरूट जितका बारीक, तितका त्याच्या धुरात वेष्टनाचा वाटा मोठा. जितका जाड, तितका गाभ्याचा. बारीक चिरुटात शेंड्याची पाने फार घालता येत नाहीत, कारण पुरेशा विस्तवाअभावी ती नीट जळत नाहीत व चिरूट विझतो. जाड चिरुटात चार-पाच प्रकारची पाने शेजारी शेजारी नांदू शकतात. बारीक चिरूट घाईने ओढला तर तापतो आणि कडवट होतो. जाड चिरुटाचा धूर त्या मानाने थंड राहतो. लांबीचाही परिणाम होतो. धूर न जळालेल्या पानांतून येताना आपला काही अंश तेथे ठेवून येतो, म्हणून शेवटचा तृतीयांश भाग सर्वांत उग्र लागतो.

मिश्रण ठरवणाऱ्या जाणत्या कारागिराने यातून काढलेला निष्कर्ष मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. एकाच नावाचे चिरूट पाच मापांत विकायचे असतील आणि त्या पाचांचा स्वभाव एक राखायचा असेल, तर पाचही मापांना एकच मिश्रण वापरून चालत नाही. बारीकात शेंड्याचे पान कमी करावे लागते, कधी पूर्ण वगळावे लागते. जाडात ते वाढवावे लागते. प्रमाण बदलले तरच स्वभाव टिकतो. जो हे करीत नाही, जो एकच ठराविक वजनकाटा सर्वांना लावतो, तो वरकरणी निःपक्षपाती असतो, पण त्याचे पाच चिरूट पाच अनोळखी माणसांसारखे निघतात.

आरिस्टॉटलने ‘नीतिशास्त्रा’च्या दुसऱ्या खंडात नेमका हाच मुद्दा मल्लाच्या आहाराच्या उदाहरणाने मांडला आहे. दहा शेर अन्न जास्त आणि दोन शेर कमी, म्हणून मल्लांच्या गुरूने सरसकट सहा शेर वाढायचे काय? मायलोसारख्या नामांकित मल्लाला ते अपुरे पडेल, आणि आखाड्यात नुकताच उतरलेल्या पोराला झेपायचे नाही. अंकगणितातला मध्य हा वस्तूचा मध्य आहे, माणसाचा नव्हे. पुढे न्यायाची चर्चा करताना तो वाटणीच्या न्यायाला प्रमाणाची समानता म्हणतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार जसाच्या तसा स्वीकारला. आमच्या सेमिनरीच्या परीक्षेत यावर हमखास प्रश्न येई, आणि आम्ही सर्वजण तेच उत्तर पाठ लिहीत असू, हा त्यातला विनोद.

चिरूट आणि विडी ही दोन भावंडे एका घरात नांदत नाहीत, पण कायद्याने त्यांना एका पंक्तीला बसवले. १९६६ साली संसदेने केलेला कायदा विडी आणि सिगार या दोन्ही धंद्यांतील कामगारांसाठी होता. २०२० च्या श्रमसंहितेत तो विलीन करण्यात आला. मराठवाड्याच्या एका अंगाला सोलापूर आणि दुसऱ्या अंगाला, नांदेड जिल्ह्याला लागून, तेलंगणातील निजामाबाद. दोन्ही ठिकाणी हजारो स्त्रिया विड्या वळतात. विडीतही मिश्रण असते. निपाणीची तंबाखू आणि गुजरातेतील चरोतरची तंबाखू यांचे प्रमाण हे कारखानदाराचे गुपित समजले जाते. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, तिची धूळ छातीत घेणाऱ्या बायकांच्या हातांतून ते गुपित रोज जात असते, ही गोष्ट वेगळी. वेष्टन मात्र तंबाखूचे नव्हे, तेंदूचे. हे पान धुराला सच्छिद्र नाही, म्हणून विडी पुनःपुन्हा ओढावी लागते, नाही तर विझते. आकाराने ती एवढीशी, तंबाखू सिगारेटपेक्षा कितीतरी कमी, पण निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या बाबतीत ती सिगारेटला हार जात नाही. लहान म्हणजे निरुपद्रवी, हा आपला समज येथे साफ खोटा ठरतो.

विडी वळण्याची रीत वाचकांपैकी काहींनी पाहिली असेल. पाने भिजवून ओल्या गोणपाटात ठेवायची, पत्र्याचे माप पानावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. हजार विड्यांमागे ठरावीक वजनाची पाने आणि ठरावीक वजनाची तंबाखू मिळते. पण तेंदूचे पान जंगलात वाढते, साच्यात नव्हे. एखाद्या गठ्ठ्यात रुंद, निरोगी पाने निघतात; एखाद्यात किडकी, भोके पडलेली, बाजूंनी वाळलेली. वजन तेवढेच, पण त्यातून निघणारे तुकडे तेवढे नसतात. तूट कामगार स्त्रीने आपल्या पैशाने पाने विकत घेऊन भरून काढायची, असा रिवाज अनेक ठिकाणी पडला आहे. दिलेल्या विड्यांतून नापसंत म्हणून बाजूला काढतात त्या ‘छाट’. त्यांची मजुरी नाही. छाट साधारणतः पाच टक्क्यांहून अधिक असू नये, असे १९६६ च्या कायद्याखालील नियम सांगत असत, पण विडी मोजणारा बोट कोणत्या विडीवर ठेवील ते नियमाच्या हाती नव्हते.

म्हणजे पाहा : तंबाखूच्या पानाला येथे त्याच्या गुणानुसार वागवले जाते. कोणते पान किती, कोणते कशासोबत, याचा बारकाईने विचार होतो. जी ते वळते तिला मात्र पत्र्याच्या एकाच मापाने आणि वजनाच्या एकाच काट्याने. पानाविषयीची ही जाण पानापाशीच का थांबते, हे मला कधी उमगलेले नाही.

काही वर्षांपूर्वी सोलापूरकडून लेकीकडे राहायला आलेल्या एका पन्नाशीच्या बाईंनी मला विचारले, “फादर, इडी वळणं पाप हाय का? माणसं मरत्यात म्हणं तिनं.” प्रश्न आडवळणाचा नव्हता, आणि आडवळणाने उत्तर देण्याचा मला अधिकारही नव्हता. तंबाखूने माणसे मरतात, हे खरे आहे. विडी चांगली वळणे आणि विडी वळणे चांगले असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही खरे आहे. संत थॉमस म्हणतात की कारागिराची कारागीर म्हणून होणारी प्रशंसा त्याच्या कृतीच्या गुणाबद्दल असते, तो कोणत्या इच्छेने काम करतो याबद्दल नसते. इच्छेचा प्रश्न विवेकाच्या दालनातला आहे. तेव्हा त्या बाईंच्या बोटांचे कौशल्य हे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नव्हते. दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या अनिष्टात आपला सहभाग किती, हे ठरवण्यासाठी अठराव्या शतकात संत आल्फान्सो लिगोरी यांनी काही भेद मांडले : आपल्याला ते अनिष्ट हवे आहे काय, आपण त्याच्या किती जवळ आहोत, आपल्याला किती निकड आहे, आणि आपण थांबल्याने ते थांबेल काय.

या कसोट्या लावताना मला चिरुटाची जाडी आठवली. माणसाच्या कृतीतही एक गाभा असतो, इच्छेचा. आणि एक वेष्टन असते, परिस्थितीचे. ज्याच्यापाशी पैसा, शिक्षण आणि पर्याय आहेत त्याच्या कृतीत इच्छेचा भाग मोठा. जिच्यापाशी सूप, कात्री आणि घरात तीन तोंडे आहेत तिच्या कृतीत परिस्थितीच अधिक बोलते. कारखाना काढणारा आणि विडी वळणारी यांच्या हातून बाहेर पडणारी वस्तू एकच, परंतु कृती एक नव्हे. दोघांना एकाच दोषाचे माप लावणे म्हणजे ३८ आणि ५० ला एकच मिश्रण भरणे होय. अर्थात ही उपमा फार ताणता येत नाही. त्या बाईंचा अंतरात्मा बारीक आहे असे त्यातून सुचत असेल, तर उपमा टाकून द्यावी. हा प्रश्न विचारणारा अंतरात्मा बारीक नसतो. इतकी वर्षे मी कबुलीजबाब ऐकत आलो, पण नफ्यात वाटा असणाऱ्या कोणी तो विचारलेला मला आठवत नाही.

मापावरून नैतिक रेघ ओढण्याचा मोह मोठमोठ्यांनाही होतो. २०१७ च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधील सिगारेटविक्री पुढील वर्षापासून बंद करण्याचा निर्णय घेतला. माणसांच्या आरोग्याला उघड हानी करणाऱ्या गोष्टीला आपण हातभार लावू शकत नाही, हे त्याचे कारण. त्यासाठी मोठे उत्पन्न सोडावे लागले. मात्र मोठ्या सिगारांची विक्री तूर्त चालू राहील, कारण त्यांचा धूर छातीत घेतला जात नाही, असेही प्रवक्त्यांकडून सांगण्यात आले. निर्णय स्वागतार्ह होता, पण ही पुस्ती मला पटली नाही. धूर छातीपर्यंत गेला नाही तरी तोंड आणि घसा वाटेतच असतात. आमच्याकडे तंबाखूचा धूरही न करता तोंडाचे कर्करोग होतात, हे कोणत्याही सरकारी रुग्णालयात दिसते.

बाईंना मी सांगितले की दुसरे काम मिळत असेल तर जरूर घ्यावे, शोधत राहावे, आणि नातवंडांना सुपाजवळ बसवू नये; तोवर जे करता त्याचा सगळा भार आपल्या एकटीच्या डोक्यावर घेऊन झुरू नये. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “आन् पान कमी पडलं की पदरचं घालावं लागतंय, त्ये कुणाच्या डोक्यावर?”

लिगोरींच्या भेदांत याचे उत्तर नाही, कारण हा सहभागाचा प्रश्नच नव्हे, वाटणीचा आहे. त्याचे थोडेफार उत्तर सोलापुरातच मिळाले आहे. तेथील विडी कामगार स्त्रिया संघटित झाल्या, वर्षानुवर्षे मोर्चे काढले, आणि कुंभारी येथे त्यांच्या सहकारी संस्थेची दहा हजार घरे उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती त्यांना मिळाली. वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. बाईंची जाऊ त्यातल्याच एका घरात राहते. घर स्वतःचे झाल्यापासून, त्या म्हणाल्या, किडक्या पानांचा गठ्ठा ती तिथल्या तिथे परत करते, आणि बदलून मिळेपर्यंत उंबऱ्यावरून हलत नाही.