'जेवलात का?' हा प्रश्न नेमका कुणाचा?

आपटा स्टेशन तुम्ही बहुतेक पाहिलेलं आहे, नाव माहीत नसलं तरी. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधली शेवटची ट्रेनमागची धावाधाव इथेच शूट झाली. पनवेल तालुक्यातलं हे गाव. जवळ पाताळगंगा नदी, रसायनीचे कारखाने, कर्नाळ्याचा डोंगर. आणि या पट्ट्यात जागोजागी कातकरी वाड्या. त्या सिनेमात दिसत नाहीत.

मी सर्व्हेचं काम करतो. अन्नसुरक्षेच्या प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना 'फरक पडला का?' हे कळावं म्हणून घरोघरी प्रश्न विचारायचे आणि उत्तरं टॅबवर भरायची. यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक मोजपट्टी आहे, जगभर वापरतात ती. गेल्या बारा महिन्यांत पैशांअभावी एखादं जेवण चुकलं का? भूक असून खाता आलं नाही, असं झालं का? अख्खा दिवस उपाशी काढला का? उत्तर हो किंवा नाही. प्रश्न साधे आहेत, विचारपूर्वक केलेले आहेत.

एका वाडीत एका मावशींनी आठही वेळा 'नाही' म्हटलं. मोजपट्टीच्या हिशेबात हे घर सुरक्षित. टॅब बंद करून मी सहज विचारलं, "मावशी, भर पावसात काम नसतं, तेव्हा तांदूळ कुठून येतो?" त्या म्हणाल्या, "उचल घेतली ना."

रायगडमध्ये राहणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. पावसाळ्यात हातात पैसा नसतो, तेव्हा वीटभट्टीचा किंवा कोळशाच्या भट्टीचा मुकादम आगाऊ रक्कम देतो. ती उचल. ती फेडायला दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर जातं, पोरंबाळं घेऊन, आणि परततं ते पुढच्या पावसाच्या तोंडावर. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. फिटली नाही तर उरलेली उचल पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा आहे. उचलीचा व्यवहार बऱ्याचदा त्या कायद्याच्या व्याख्येला घासून जातो.

म्हणजे श्रावणातलं जेवण चुकलं नाही, हे खरंच होतं. पण ते पुढच्या सहा महिन्यांच्या कष्टावर आणि मुलीच्या शाळेवर घेतलं होतं. काही फॉर्ममध्ये 'अन्नासाठी कर्ज काढलं का?' असा प्रश्न असतो. त्यालाही उत्तर 'नाही'च येतं, कारण त्यांच्या लेखी उचल हे कर्ज नाही, मजुरीच आहे, आधी घेतलेली. कुणीच खोटं बोललेलं नाही. तरीही रिपोर्ट खोटा.

इथे 'मग आणखी एक प्रश्न वाढवा' म्हणता येईल. वाढवावाच. उचल हा शब्द वापरून विचारावा. वजनं घ्यायची तर दिवाळीआधी एकदा आणि भट्टीवरून परतल्यावर एकदा घ्यावीत, आणि जे गेले त्यांना यादीतून वगळू नये. नाहीतर होतं असं की जानेवारीत वाडीत उरलेल्या मुलांचीच वजनं होतात आणि टक्केवारी आपोआप सुधारते. मूल बरं झालेलं नसतं, फक्त गावात नसतं.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. एखाद्याला 'उपाशी राहिलात का?' असं विचारण्याचा हक्क मला कुणी दिला? ओळखीच्या माणसाला आपण 'जेवलात का?' विचारतो, तेव्हा उत्तर 'नाही' आलं तर ताट वाढण्याची जबाबदारी आपलीच असते. सर्व्हेत ही जबाबदारी गळून पडते. उत्तर वर जातं, मुंबईला, दिल्लीला, कधी जिनिव्हाला. ज्यांनी ते दिलं, त्यांच्याकडे काहीच परत येत नाही.

याचा अर्थ आकडे नकोत, असा नाही. आकड्यांना नाक मुरडणारे लोक बहुतेक पोटभर जेवलेले असतात. २००१ साली डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या काही स्वयंसेवी संस्थांनी 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त बालमृत्यू महाराष्ट्रात होतात, हे त्यांनी गावोगावी मोजून दाखवलं आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. मोजलं नसतं तर ती मुलं मेल्यावरही नोंदीत आली नसती. फरक हा, की त्या मोजण्यातून सत्तेला जाब विचारला गेला.

आता उलटा प्रवास बघा. १ जुलै २०२५पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार देताना पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळणं सक्तीचं झालं. गळती थांबावी हा हेतू, आणि गळती आहे हे खरं. पण नेटवर्क नसलेल्या वाडीत ताई फोन उंच धरून उभ्या आणि आई बाळाला कडेवर घेऊन कॅमेऱ्यात बघतेय, यातून सिद्ध काय होतं? पाकीट योग्य बाईच्या हातात पडलं, एवढंच. मूल जेवलं का, हे तो कॅमेरा विचारत नाही. नजर आहे ती आईवर आणि सेविकेवर. पाकिटं महिनाभर उशिरा पाठवणाऱ्याचा चेहरा कुठे स्कॅन करत नाहीत.

२०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात कलम २८ आहे, सामाजिक अंकेक्षणाचं. रेशन आणि इतर योजनांचा हिशेब वेळोवेळी लोकांसमोर तपासायचा, अशी त्यातली कल्पना. म्हणजे मावशींनी विचारायचं आणि दुकानदारानं, तलाठ्यानं, माझ्यासारख्या टॅबवाल्यानंही उत्तर द्यायचं. त्यासाठी सर्व्हेचा निकाल आधी वाडीत मोठ्यानं वाचून दाखवावा लागेल, आणि तोही दिवाळीआधी, माणसं घरी असताना. मी हे एका बैठकीत सुचवलं. बजेटमध्ये त्याला हेड नाही, असं उत्तर मिळालं. छापील, चकचकीत, इंग्रजी रिपोर्टला मात्र हेड होतं.