भिंत कुणाची?

कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट या आपल्या ओळखीच्या खेळांत प्रतिस्पर्धी समोर उभा असतो. बास्क पेलोटा या खेळात दोघंही एकाच भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. एकाने चेंडू भिंतीवर हाणायचा, दुसऱ्याने तो दुसरा टप्पा पडायच्या आत परत हाणायचा. भांडण माणसाशी, पण ते भिंतीमार्फत. एवढ्या एका गोष्टीवर हा खेळ उभा आहे, त्यामुळे ती भिंत कुठे आहे आणि तिच्यापुढे कोण उभं राहू शकतं, हे बघितलं की त्याचा सगळा इतिहास कळतो.

बास्क लोक स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज डोंगराच्या दोन्ही अंगांना राहतात. जुन्या गोव्यात ज्यांचा देह जपून ठेवला आहे ते संत फ्रान्सिस झेवियर याच मुलखातले. १५०६ साली हावियेरच्या गढीत जन्मले, १५४२ मध्ये गोव्यात उतरले. त्यांच्या काळी युरोपभर चेंडू तळहाताने समोरच्याकडे टोलवायचा खेळ चाले. टेनिसचा हा पूर्वज. तेव्हाचे चेंडू फारसे उसळत नसत. एकोणिसाव्या शतकात चेंडूच्या पोटात रबर आलं आणि भिंतीला काम मिळालं.

गावोगाव भिंती होत्याच. बास्क गावात खेळाची भिंत चर्चला लागून किंवा पंचायतीच्या कचेरीजवळ, म्हणजे गावाच्या ऐन मध्यावर असते. हाताने खेळायचं मैदान साधारण ३६ मीटर लांब, समोर भिंत, डावीकडे भिंत, उजवी बाजू बघणाऱ्यांसाठी मोकळी. समोरच्या भिंतीवर मीटरभर उंचीवर धातूची पट्टी ठोकलेली असते. चेंडू तिला लागला की खणकन आवाज येतो आणि गुण गेला हे पंचाच्या आधी गावाला कळतं. आधी २२ गुण करील तो जिंकला. चेंडू कातड्याने मढवलेला, दगडासारखा कडक. खेळाडू तळहाताला पट्ट्या चिकटवतात, तरी हात सुजतातच.

मग हाताला जोड मिळाली. फळं गोळा करायच्या टोपलीने एका पोराने चेंडू फेकला आणि १८५७ च्या सुमारास वेताच्या करंडीचा खेळ सुरू झाला, असं सांगतात. पुढे करंडी लांब आणि वाकडी झाली. चेंडू तिच्यात झेलायचा आणि त्याच झोकात भिरकवायचा. हात लांबला तसा वेग वाढला, वेग वाढला तसं मैदान ५४ मीटरवर गेलं. १९७९ मध्ये अमेरिकेत न्यूपोर्ट इथे होसे रामोन आरेइतियो याचा चेंडू ताशी ३०२ किलोमीटर वेगाने गेला. या प्रकाराला हाय-अलाय म्हणतात. वेगाची किंमतही पडली. करंडी फक्त उजव्या हातात घालायची, म्हणून डावखुऱ्याला इथे जागाच नाही. १९६८ मध्ये एका खेळाडूच्या डोक्याला चेंडू लागला, तेव्हापासून हेल्मेट आलं. एवढं मैदान, एवढं सामान कोण पुरवणार? फ्लोरिडात ते पैजेच्या पैशाने पुरवलं. आठ खेळाडू किंवा आठ जोड्या क्रमाने खेळवायच्या, कारण आकड्यांवर पैसे लावायला ते सोयीचं. १९८८ मध्ये खेळाडूंनी संप केला, तो तीन वर्षं चालला. गावाची भिंत धंद्याची झाली, असं माझं मत. बास्क गावांत हाताचा खेळ मात्र टिकला, कारण त्याला भिंतीखेरीज काही लागत नाही.

आपल्याकडे भिंतीचा खेळ म्हणजे स्क्वॉश. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पाकिस्तानला हरवून सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात मुंबईचा महेश माणगावकर होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही हा खेळ येतोय. पण आपल्या स्क्वॉशच्या भिंती बहुतेक मुंबई-पुण्याच्या क्लबांत, सभासदत्वाच्या दाराआड. बीड जिल्ह्यातल्या आमच्या वडवणीच्या पोराला तिथवर कोण नेणार?

आबाधोबीत चेंडूने पाठ सडकून घेणाऱ्या पोरांना नेम आणि हात शिकवावा लागत नाही, हवी फक्त भिंत. वडवणी तालुक्यात शाळेच्या नव्या खोल्या बांधणाऱ्यांना एवढीच विनंती: एक बाजू खिडकीविना ठेवा, गुळगुळीत गिलावा करा, पुढे फरशी नाहीतर कोबा घाला, मीटरभर उंचीवर पत्र्याची पट्टी ठोका आणि शाळा सुटल्यावर फाटकाला कुलूप लावू नका.