ट्यूबची मागची बाजू

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडच्या एका वस्तीत दोन बहिणी राहत होत्या. वडील टॉवेलच्या कारखान्यात ब्लीचिंग खात्यात होते, आई घरी शिवणकाम करायची. थोरली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, धाकटी अकरावीत. दोघींनी आईकडून एकच कातडी घेतली होती. सकाळी धुतलेलं तोंड दुपारच्या आत तेलकट व्हायचं, आणि नवा साबण लावला की गाल लालबुंद. मुरूम दोघींनाही होते. थोरलीला हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, धाकटीला कपाळभर.

घरातले उपाय सगळे झाले. आधी आईने आंबा बंद केला, मग शेंगाची चटणी. सोलापूरच्या घरात कडक भाकरीसोबतची शेंगाचटणी बंद होणं ही काही लहान शिक्षा नव्हे. मावशीने लिंबू चोळायला सांगितलं, शेजारणीने खाण्याचा सोडा, मैत्रिणीने रात्री टूथपेस्ट लावून झोपायला. धाकटी तर दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने खसखसून तोंड धुवायची, कारण मुरूम म्हणजे घाण, अशी तिची ठाम समजूत. मुरूम काही हटले नाहीत. सोड्याने मात्र गालांची सालटी निघाली.

मार्गशीर्षात मामेबहिणीचं लग्न निघालं. थोरली कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली आणि म्हणाली, "तोंडाला लावायला काहीतरी द्या, लवकर गुण येईल असं." काउंटरवरच्या मुलाने एक छोटी ट्यूब पुढे सरकवली. "सगळ्या पोरी हेच नेतात." त्याने चिठ्ठी मागितली नाही. चिठ्ठी लागते हे थोरलीला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

गुण आला, आणि तोही चार दिवसांत. फुगलेले मुरूम बसले, लाली गेली, आठवड्यात चेहरा उजळला. लग्नात जी ती तिला विचारत होती, "काय गं, काय लावतेस?" मामीने तर चार बायकांत हात धरून सांगितलं, "उजळलीस हो तू!" थोरलीला इतकं बरं वाटलं की तिने दुसऱ्याच दिवशी दुसरी ट्यूब आणली. हे वाचताना तिला नावं ठेवू नयेत. वयाच्या तेराव्या वर्षापासून ज्या मुलीला नातेवाइकांनी भेटल्याबरोबर आधी "हे काय झालंय तोंडाला" असंच विचारलं, तिला पहिल्यांदा कोणी चांगलं म्हटलं होतं. उजळपणाचं कौतुक करणाऱ्या आपण सगळ्यांनीच ती दुसरी ट्यूब तिच्या हातात दिली.

धाकटीच्या सोललेल्या गालांना काहीही लागलं तरी आग व्हायची, म्हणून आई तिला सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत घेऊन गेली. केसपेपरच्या रांगेत दीड तास गेला. डॉक्टरबाई वयाने फार मोठ्या नव्हत्या, पण बोलायची घाई नव्हती. त्यांनी धाकटीचा चेहरा खिडकीच्या उजेडात नीट पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दिवसातून किती वेळा धुतेस?" उत्तर ऐकून म्हणाल्या, "आजपासून दोनदा. सौम्य फेसवॉश, बोटांनी, न घासता."

मग त्यांनी समजावलं. केसाच्या प्रत्येक मुळाशी तेल बनवणारी एक बारीक ग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती जास्त तेल बनवायला लागते. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, तेल आत साचतं, आणि सगळ्यांच्याच कातडीवर राहणारे जंतू त्या तेलावर वाढतात. मग सूज, मग पू. "यात घाण कुठे आली? ते काळे ठिपके असतात ना, तेही मळाचे नसतात. बुचाला हवा लागून ते काळं पडतं. घासून निघायचं नाही, उलट सूज वाढेल."

आईने चाचरत विचारलं, "खाण्यातलं काही? उष्णता?"

"शेंगाचटणी खाऊ दे तिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोड, मैदा, कोल्ड्रिंक कमी करा. आणि रात्रभर डोक्याला तेल थापून ठेवू नका, ते कपाळावर उतरतं. लावायचं तर न्हायच्या आधी तासभर." मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "सुश्रुतसंहितेतसुद्धा तरुण मुलामुलींच्या तोंडावर येणाऱ्या या पुटकुळ्यांची नोंद आहे. इतका जुना आजार आहे हा. तुझं काही चुकलेलं नाही."

धाकटी तिथेच रडली. औषधाआधी तिला हे वाक्य हवं होतं, असं मला वाटतं.

औषधं दोन मिळाली. रात्री अ‍ॅडापलीनचं जेल, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढं, आणि कातडी नाजूक म्हणून सुरुवातीला एक रात्र सोडून. सकाळी अडीच टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड, तेही आधी थोडा वेळ ठेवून धुवायचं. तेलकट कातडीला मॉइश्चरायझर कशाला, असं आईला वाटलं. पण औषधाने कोरडी पडणारी कातडी जपायची तर ते हवंच होतं, फक्त तेल नसलेलं. वर उन्हाचं क्रीम. आणि ताकीद अशी की मुरूम नखाने फोडायचे नाहीत. आपल्या रंगाच्या कातडीवर फोडलेल्या मुरमाचा काळा डाग महिनोन्महिने राहतो, खोल फोडला तर खड्डा कायमचा.

"किती दिवसांत जातील?"

"आठ ते बारा आठवडे. आज वर दिसतोय तो मुरूम आत कधीच बनायला लागला होता. अजून वर न आलेलेही आहेत. पहिले काही आठवडे चेहरा जास्त वाईट दिसेल. तेव्हा औषध सोडून पळू नकोस."

हे ऐकायला सोपं आहे. सोळाव्या वर्षी बारा आठवडे म्हणजे काय असतं, ते विसरलेल्या मोठ्या माणसांनाच ते सोपं वाटतं.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला सगळे नातेवाईक आले. नेमका तोच धाकटीचा वाईट काळ होता. कपाळावर नवे मुरूम, नाकाच्या कडेने पापुद्रे. थोरलीचा चेहरा मात्र नितळ. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, सरकारी दवाखान्याच्या नादी कशाला लागलीस? ताईला विचार की."

त्या रात्री धाकटीने न विचारताच थोरलीच्या पर्समधली ट्यूब काढली. झाकण उघडून बोटावर घेतलं, तेवढ्यात थोरली मागे येऊन उभी राहिली आणि तिने तिचं मनगट धरलं.

"नको लावूस."

"तुला चालतं, मला का नाही?"

थोरली पलंगावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "परवा कॉलेजच्या ट्रिपला ट्यूब न्यायची विसरले होते. दोन दिवस. गालांना आग लागल्यासारखं झालं. तोंडावर बारीक बारीक लाल पुरळ आलं, ओढणीने तोंड बांधून फिरले. घरी येऊन ट्यूब लावली तेव्हा थांबलं." तिने दिवा लावला आणि बहिणीला जवळ बोलावलं. "हे बघ." नितळ दिसणाऱ्या गालावर, अगदी जवळून पाहिलं तर, लाल रेषांचं बारीक जाळं दिसत होतं. कानशिलाजवळ पूर्वी नव्हती अशी लव आली होती. "महिना झाला, मी हे रोज आरशात बघतेय. सगळे चांगलं म्हणतात, मग सांगू कुणाला?"

सोमवारी दोघी बहिणी सिव्हिलला गेल्या. डॉक्टरबाईंनी ट्यूब हातात घेतली आणि उलटी करून मागची बारीक अक्षरं थोरलीला वाचायला लावली. तीन औषधांची नावं होती. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं, आणि तिसरं क्लोबेटासोल. "हे तिसरं स्टेरॉइड. फार जोराचं. सूज दाबतं, रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून चार दिवसांत चेहरा उजळ दिसतो. मुरूम बरे होत नाहीत, गप्प बसतात. लावत राहिलं की कातडी पातळ होते, लव वाढते, नवे मुरूम येतात. आणि बंद केलं की सगळं उसळतं." स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांना वेगळं निदान करावं लागतं, इतक्या मुली आपल्या देशात या वाटेने गेल्या आहेत. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही ती काउंटरवरून सरकत येतात, आणि हे थांबवायला कायद्याइतकीच गिऱ्हाईकाची नजरही लागते. स्टेरॉइड हे चांगलं औषध आहे, योग्य आजारात आणि योग्य मुदतीत माणसाचे हाल वाचवतं. ते तोंड गोरं करायला बनलेलं नाही.

थोरलीची ट्यूब बंद झाली. बदली टॅक्रोलिमसचं मलम, साधं मॉइश्चरायझर आणि थंड पाण्याच्या घड्या. बाकी काहीही नाही, मुरमांचं औषधसुद्धा कातडी सावरल्यावर.

पुढचे दोन महिने वाईट गेले. पारा चढत होता. चेहरा असा लाल की चुलीसमोरून उठल्यासारखा, दाबलेले मुरूम दुपटीने वर आले. थोरलीने कॉलेजला जाणं कमी केलं. त्यातच मार्चमध्ये एका स्थळाचा निरोप आला, पुढच्या रविवारी बघायला येतो म्हणून. थोरलीने आईला म्हटलं, "एकच आठवडा लावते. रविवारपुरतं. मग कायमची बंद." आई गप्प. आईलाही ते पटत होतं.

त्याच संध्याकाळी वडील मोरीतून टॉवेल घेऊन बाहेर आले. कारखान्यातून आणलेला गडद निळा टॉवेल, त्यावर जागोजागी फिकट नारिंगी-पांढरे ठिपके. तीस वर्षं ब्लीचिंगमध्ये काढलेला माणूस, त्याला विचारावं लागलं नाही. "हे पेरॉक्साइड. घरात कोण वापरतंय?" धाकटीने भीत भीत आपली ट्यूब दाखवली. वडिलांनी चष्मा लावून ती पुढून-मागून वाचली. मुलींच्या तोंडाबद्दल ते आजवर एक अक्षर बोलले नव्हते. तो बायकांचा विषय, असं त्यांनी धरलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी सगळं विचारून घेतलं, थोरलीच्या ट्यूबचंही, रविवारचंही.

मग ते थोरलीला म्हणाले, "आमच्याकडे ऑर्डरची घाई असली की नवीन पोरं टाकीत पेरॉक्साइड जास्त ओततात, ताप वाढवतात. माल लवकर पांढरा होतो, दिसायला फर्स्ट क्लास. पण आतलं सूत मेलेलं असतं. पॅकिंगला कळत नाही, चेकिंगलाही कळत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी चार धुण्यांत टॉवेल फाटतो. असा माल मी माझ्या सहीने कधी बाहेर सोडलेला नाही." थोडं थांबून म्हणाले, "रविवारच्या लोकांना मी फोन करतो. मुलीचं औषध चालू आहे, मे महिन्यात या. नाही आले तर नाही."

लोक आले नाहीत. थोरलीला वाईट वाटलं, पण ट्यूब तिने लावली नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून चार पांढरेशुभ्र टॉवेल आणले, धाकटीसाठी. उशीला अभ्रेही पांढरेच.

एप्रिलपर्यंत धाकटीचं कपाळ बरंच मोकळं झालं. जुने डाग होते, अधूनमधून एखादा मुरूम यायचाही, पण तिने आरशासमोर उभं राहणं कमी केलं होतं. गड्ड्याला बोलणारी आत्या आता तिच्या औषधाचं नाव विचारत होती. थोरलीची लाली हळूहळू उतरली. गालावरच्या काही रेषा तशाच राहिल्या. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की त्यातल्या काही जाणारही नाहीत. तिच्या मुरमांचं खरं औषध तेव्हा कुठे सुरू झालं, धाकटीपेक्षा चार महिने उशिरा. अ‍ॅडापलीन सुरू करताना डॉक्टरबाईंनी तिला बजावलं, लग्न ठरलं आणि मुलाचा विचार असला तर आधी मला सांग, गरोदरपणात हे चालत नाही.

मे महिन्यात शेजारच्या काकू आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या कपाळावर नुकतेच मुरूम यायला लागले होते. काकू थोरलीला म्हणाल्या, "मागे लग्नात तुझा चेहरा केवढा छान झाला होता गं! ती ट्यूब कुठली, नाव सांग ना हिच्यासाठी."

थोरलीला विषय टाळता आला असता. ती उठली, कपाटातून ती अर्धी संपलेली ट्यूब काढली आणि मुलीला उजेडात बसवून आपले गाल जवळून दाखवले. मग ट्यूब उलटी करून तिच्या हातात दिली.

"वाच. मोठ्याने वाच, तिसरं नाव काय आहे ते. आणि काकू, सोमवारी सकाळी लवकर तयार राहा. केसपेपरला रांग असते, मी येते तुमच्याबरोबर."