पुरावा आणि पाठपुरावा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या तपासणीने टळतात, याचा जगभर मानला जाणारा पुरावा मराठवाड्यातल्या खेड्यांतून आला आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे गावांनुसार चार गट करण्यात आले. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल या कामात होते. एका गटाची, हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली. एका गटाला नेहमीच्या आरोग्यसेवेपलीकडे काही मिळाले नाही. आठ वर्षांत तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया गेल्या, न झालेल्या गटात ६४. आणि हा दुसरा गट आकाराने थोडा लहानच होता.

तपासणीविना ठेवलेल्या गटावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला, तो रास्तच होता. ज्यांच्या मरणातून हे ज्ञान हाती आले, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते सर्वांत आधी पोचायला हवे होते, हे त्या वादाचे दुसरे टोक.

प्रयोगशाळा नाही, चाचणी महाग आहे, ही सबब मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या अभ्यासाने काढून घेतली. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना तपासणी शिकवली गेली. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचे आणि उजेडात नीट पाहायचे. बिघडू लागलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. धाराशिवच्या चारपैकी आणखी एका गटात अशी तपासणी एकदाच झाली होती, तिने ठळक फरक पडला नव्हता. मुंबईत ती दर दोन वर्षांनी झाली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

२०१६ मध्ये केंद्राने तिशीपुढच्या लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने ती अमलात येणार ती उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या १.९ टक्केच निघाल्या. शंभरात दोघीही नाहीत.

शिबिरे भरवून हा आकडा थोडाफार हलेल, पण खरी गळती शिबिरानंतर सुरू होते. पांढरा डाग दिसलेल्या बाईला पुढच्या रुग्णालयात पाठवले जाते. तिची एक दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचे भाडे पडणार, आणि दुखत तर काहीच नाही. ती जात नाही. बिघडलेला भाग गोठवून नष्ट करायला काही मिनिटे पुरतात, पण ते यंत्र आणि ती बाई एका छताखाली येत नाहीत. मग रक्त जाऊ लागते, तेही अंगावर काढले जाते. शेवटी महात्मा फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रिया आणि किरणोपचाराचा खर्च उचलते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेल्या या योजनेने अनेक घरे कर्जातून वाचवली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिचा पैसा रोग पिकल्यावर येतो.

राज्याने मनावर घेतले तर काय होते, हे सिक्कीमने दाखवले. २०१८ मध्ये तिथे ९ ते १३ वर्षांच्या मुलींना मुख्यतः शाळांतून एचपीव्ही लस दिली गेली आणि ९५ टक्क्यांहून अधिक मुली त्यात आल्या. तेव्हा लस परदेशी होती. २०२३ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही बाजारात आहे. अर्थात लस पुढच्या पिढीची. आज चाळिशीत असलेल्या बाईला तपासणीच हवी.

म्हणून धोरणासाठी झटणाऱ्या संस्थांनी नव्या योजनेच्या घोषणेपेक्षा जुन्या कामाचा हिशेब मागावा. ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि विधानसभेत दोनच आकडे विचारावेत: गेल्या महिन्यात किती जणींची तपासणी झाली, आणि ज्यांच्यात डाग दिसला त्यांपैकी किती जणी उपचारापर्यंत पोचल्या? दुसरा आकडा मिळेपर्यंत विचारणे सोडू नये.