पितृपक्ष आणि सुनेचा गर्भपात

शंका : माझ्या सुनेला 19वा आठवडा आहे. बाळाची कवटी आणि मेंदू घडलेलाच नाही, ते जगणार नाही, असं सोनोग्राफीनंतर डॉक्टर म्हणाले. सून गर्भपाताला तयार आहे. पण गुरुजी याला भ्रूणहत्या म्हणतात. निदान पितृपक्ष जाऊ द्या, मग त्र्यंबकेश्वरी नारायण नागबली करा, असा त्यांचा सल्ला. सुनेनं पौर्णिमेच्या ग्रहणात भाजी चिरली, त्याचा हा दोष, असंही ते म्हणाले. काय करावं?
– एक सासू, महाल, नागपूर

समाधान : ताई, थांबू नका. पितृपक्षात अपेंडिक्स फुटलं तर आपण सर्वपित्रीची वाट पाहतो का? कायद्यानं 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 मध्ये दोघांचं लागतं. त्यापुढे गंभीर व्यंगासाठीही वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. आठवडे वाढतील तसा सुनेच्या जिवाला असलेला धोकाही वाढतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासूची लागत नाही, मग गुरुजींची कुठून? डागा, मेयो, मेडिकल, तिन्ही रुग्णालयं आपल्याच शहरात आहेत.

ग्रहणाचं मात्र मी सोडणार नाही. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते. ती मिटली नाही की हे व्यंग होतं. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. पौर्णिमेच्या ग्रहणापर्यंत सुनेचे चार महिने उलटले होते. तिची विळी यात येतेच कुठे? मूल गमावणाऱ्या पोरीच्या माथी दोष मारायचा आणि लगेच त्या दोषाचं निवारण विकायचं, याची मला मनस्वी चीड येते. आधी भीती, मग विधी, मग दक्षिणा. लग्न जमेना, मूल होईना, मूल गेलं, सगळ्याला उतारा तोच. घरातले दागिने मोडून असे विधी होतात आणि बाईच्या रक्तक्षयाच्या गोळ्यांना पैसे उरत नाहीत.

बाईच्या मर्जीच्या बाबतीत मी बाबासाहेबांना मानतो. दसऱ्याला त्यांच्या दीक्षाभूमीवर आपलं शहर भरून जातं, पण त्यांचं हे काम थोड्यांना ठाऊक आहे. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी मांडलं. मूल होऊ द्यायचं की नाही हे पूर्णपणे बाईच्या मर्जीवर असावं, असा त्यात आग्रह होता. ठराव 52 विरुद्ध 11 मतांनी पडला. आज तुमच्या घरात ती मर्जी सुनेची आहे आणि तिनं ती सांगितली आहे.

तिला उद्याच घेऊन जा, रात्री तिच्याजवळ झोपा. नागबलीचा खर्च करू नका. पुढचं मूल हवं असेल तेव्हा दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटा. असं व्यंग एकदा झालेल्या आईला फॉलिक आम्लाची मात्रा नेहमीपेक्षा जास्त लागते आणि ती किमान महिनाभर आधी सुरू करावी लागते.