थट्टेचा अधिकार

बोईसरला लागून असलेल्या सरावलीत, जेथे तारापूरच्या कारखान्यांच्या पाळ्यांवर दिवसाचे प्रहर ठरतात आणि हजेरीपटावर नाव चढल्यावाचून माणसाची गणतीच होत नाही, तेथे शिमग्याच्या दिवसांत तोंड रंगवून, चिंध्या नेसून पोस्त मागणारी पोरे रस्त्यात आडवी आली की कित्येक सद्गृहस्थांच्या कपाळाला आठी पडते. सणात पावित्र्य हवे, हा धिंगाणा कशाला, असा त्यांचा आक्षेप असतो; आणि आक्षेप कितीही रुक्ष असला तरी भक्तीच्या दरबारात खुळेपणाला मुभा आहे काय, हा त्यामागचा प्रश्न विचारार्ह आहे.

समर्थांची साक्ष वरवर पाहता आक्षेपकांच्याच बाजूची. विनोदाची आवड त्यांनी दासबोधात टवाळाच्या पदरात टाकली आहे. परंतु त्याच ग्रंथातली मूर्खलक्षणांची लांबलचक यादी वाचूनही ज्याला हसू फुटत नाही, त्याने तीत आपले नाव पुन्हा एकदा शोधावे.

एकनाथांची गोष्टच निराळी. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पदरी दप्तर सांभाळताना हिशेबातली एका पैची चूक सापडली म्हणून मध्यरात्री हर्षाने टाळी पिटणारा हा शिष्य, अशी आख्यायिका आहे. आणि त्याच कारकुनी भाषेत त्यांनी पुढे ‘अर्जदस्त’ हे भारूड रचून अवघ्या देहाचा परगणा केला. तेथे मन देशमुख, ममता देशमुखीण, दंभ शेटे आणि क्रोध नाईकवाडी; कारभार सगळा बेबंद, आणि इतक्यात यमाजीपंतांची तलब. क्रोध हा रिपू आहे, असे पुराणिकाने सांगितले की श्रोता गंभीरपणे मान डोलावतो आणि घरी जाऊन मुलावर पूर्ववत खेकसतो. तोच क्रोध नाईकवाडीचे पागोटे घालून समोर उभा राहिला की त्याला आपला कालचा आवाज ओळखू येतो. अहंकाराला युक्तिवाद पचतो, स्वतःची नक्कल पचत नाही.

दुबळ्याची चेष्टा मात्र या सनदेत बसत नाही, मग ती शिमग्याच्या नावाने होवो की मैत्रीच्या. नाथांनी महाराचे, वेडीचे सोंग घेतले ते त्यांना हसण्यासाठी नव्हे, त्यांच्या तोंडून शहाण्यांना चार शब्द सुनावण्यासाठी.

ज्या हाताने १५७३ मध्ये काशीत भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पुरी केली, त्याच हाताने हा अर्जही लिहिला. दोहोंपैकी कोणते लेखन कमी धार्मिक, हे आक्षेपकांनीच सांगावे.