रंगातला दाणा कुठून येतो

बेळगावात गाडीच्या नव्या रंगात कचरा बसला, की बोट आधी रस्त्याकडे जातं. रस्त्यावर कारणंही कमी नाहीत. खानापूरकडची तांबडी माती, उद्यमबागेतल्या फाउंड्रीची वाळू, महामार्गाच्या रुंदीकरणाची धूळ. निपाणीकडे गेलं तर तंबाखूच्या वखारींतली भुकटी आणि गळीत हंगामात फडातून उडणारी पाचटाची काजळी. तरीही बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, रंगवलेल्या गाडीवरचे दाणे भिंगाखाली धरून बघा, त्यातले बरेच रस्त्यावरचे नसतात. काही गाडीनेच आणलेले असतात, काही रंगाऱ्याने, आणि काही बूथच्याच भिंतीवरून सुटलेले. बूथ स्वच्छ ठेवायचा तर आधी दाणा ओळखता आला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

एवढ्याशा कणाने इतकं काय बिघडतं? क्लिअर कोटचा, म्हणजे सर्वांत वरचा पारदर्शक, वाळलेला थर साधारण 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळच. त्यात 20-30 मायक्रॉनचा कण पडला तर तो बुडून जाईल असं वाटतं. पण ओला रंग कणाच्या अंगावर चढतो, भोवती उंचवटा धरतो आणि वाळल्यावर मूळ कणापेक्षा मोठी पुळी दिसते. बॉनेटवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की ती सरळ रेघ नेमकी तिथे मोडते. मग 2000 नंबरचा पाणीपेपर, कंपाउंड, पॉलिश यांत अर्धा दिवस जातो, आणि घासताना क्लिअर कोट पातळ होतो तो वेगळाच.

आता हवेचा हिशेब. सात मीटर लांब, चार मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच बूथ धरा. छतातून खाली येणारी हवा सेकंदाला पाव मीटर वेगाने चालली, तरी तासाला 25 हजार घनमीटर हवा आत येते. बूथमधली सगळी हवा दर 11 सेकंदांनी बदलते. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे 10 मायक्रॉनपर्यंतची धूळ, 24 तासांच्या सरासरीने, घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. हवा त्या मर्यादेवर असली, तरी पंखा तासाला अडीच ग्रॅम बारीक धूळ ओढतो. त्याहून जाड कण वेगळे. हे सगळं फिल्टरांनी अडवायचं. ते चांगले असतील आणि चौकटीत नीट बसलेले असतील, तर रंगात दिसण्याजोगा कण सहसा छतातून येत नाही. म्हणून पॅनलवर खरोखरच तांबडी माती सापडली, तर आधी दाराची फट तपासावी.

फटीतून हवा कुठल्या दिशेने वाहते, हा खरा प्रश्न आहे. दोन पंख्यांच्या बूथमध्ये एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि ढकलणाऱ्याचं पारडं किंचित जड लागतं. मग दाराच्या फटीतून हवा बाहेरच जाते. हवा घेण्याच्या तोंडाशी असलेला किंवा छतातला फिल्टर तुंबला, की हे पारडं फिरतं आणि शेडमधली हवा प्रत्येक फटीतून आत घुसते. शेडमध्ये त्याच वेळी कुणीतरी पुट्टी घासत असतो. याउलट जमिनीच्या जाळीखालचे फिल्टर भरले, तर हवा मंदावते. स्प्रे गनमधून उडालेलं रंगाचं धुकं खाली न जाता गाडीभोवती घुटमळतं, हवेतच सुकतं आणि कोरडे दाणे होऊन ओल्या पॅनलवर उतरतं. हा दाणा गाडीच्याच रंगाचा असतो. त्याला धूळ समजून लोक भिंती पुसत बसतात आणि फिल्टर तसाच राहतो. बूथला दाबाचा काटा असेल तर तो रोज बघावा. नसेल तर टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या फटीशी धरावी. ती बाहेरच्या अंगाला झुकली पाहिजे.

राखाडी दाणा असेल तर तो कुठे बसलाय ते आधी बघावं. दाराच्या कडेला, पेट्रोलच्या झाकणाभोवती, काचेच्या बीडिंगलगत असे दाणे ओळीने बसलेले दिसतात. ही घासलेल्या प्रायमरची भुकटी. ती फटीत दडून राहते आणि गनची हवा तिथे लागली की उसळून चार बोटांवर येऊन पडते. चोर्ला घाट उतरून-चढून आलेल्या गाडीच्या चाकांच्या कमानीत वाळलेला तांबडा चिखलही असाच सुटतो. गाडी बूथबाहेरच खालून धुवावी, फटी न् फटी हवेने फुंकून काढाव्यात, मगच आत घ्यावी. आत आल्यावर पंखा चालू करून थोडं थांबावं. स्थिर हवेत 10 मायक्रॉनचा मातीचा कण तीन मीटर खाली यायला सहा मिनिटं घेतो. पंखा चालू असला की तो पटकन जाळीखाली जातो. शेवटी धूळ टिपणारा चिकट टॅक क्लॉथ अगदी हलक्या हाताने फिरवावा, दाबला तर त्याचा चिकटा पॅनलला लागतो.

लांबुळका, वळलेला, पांढरा तंतू दिसला तर तो सुताचा. आपल्या बहुतेक पेंटरांच्या खांद्यावर टॉवेल असतो, नाकाला रुमाल असतो. दोन्ही सुती, दोन्ही तंतू सोडणारे. अंगात तंतू न सोडणारा बॉयलर सूट हवा, आणि तो घालून पुट्टीच्या जागेवर फिरायचं नाही. रुमालाबद्दल एक गोष्ट रंगापेक्षाही महत्त्वाची आहे. हार्डनरमधल्या आयसोसायनेटपुढे रुमालाचा काही उपयोग नाही. आयसोसायनेटने दमा जडू शकतो. बाहेरची शुद्ध हवा नळीने देणारा मास्कच लागतो. जो मालक फिल्टरला पैसे घालतो त्याने यालाही घालावेत.

ऋतूप्रमाणे दाणा बदलतो. थंडीत हवा कोरडी असते, प्लास्टिकचा बंपर कोरड्या फडक्याने पुसला की त्यावर वीज साठते आणि तो तंतू ओढून घेतो. पावसाच्या तोंडावर पंखवाल्या मुंग्या दिव्याकडे धावतात. तेव्हा दार उघडायच्या आधी आतले दिवे मालवावेत.

ज्यांच्याकडे बूथ नाही त्यांचं काय? ट्रकच्या बॉड्या रंगवणाऱ्या शेडमध्ये पहाटे, वाहतूक वाढण्याआधी, जमिनीवर पाणी मारून काम उरकतात. ते बरोबरच आहे. पण बऱ्याच ठिकाणी वास जावा म्हणून भिंतीत नुसता एक्झॉस्ट पंखा बसवतात, आणि तो जितकी हवा बाहेर टाकतो तितकीच धुळीची हवा पत्र्याच्या फटींतून आत ओढतो. शिवाय थिनरची वाफ त्याच्या मोटरवरून जाते, म्हणजे ठिणगीची भीती. तोच पंखा रस्त्यापासून लांबच्या भिंतीत, बाहेरची हवा फिल्टरमधून आत ढकलेल असा लावावा. समोरच्या बाजूला हवा जायला त्याहून मोठी वाट ठेवावी आणि तिथेही फिल्टर लावावा, म्हणजे रंगाचं धुकं शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही.